जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेसवर लावली आणि फोटो सॉफ्ट आले: दोष कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिल्मच्या काळातल्या ५० मिमी एफ/१.४ आणि १३५ मिमी एफ/२.८ अशा दोन मॅन्युअल लेन्सेस हाती आल्या आणि साधा अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी नळी) लावून त्या फुलफ्रेम मिररलेसवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवल्या. पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) लाल रंग बरोबर डोळ्यांवर उमटतो, तरी फोटो मोठा करून पाहिला की डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर. १३५ चे बरेच फोटो हललेले. उजेडाच्या दिशेने काढलेले सगळे पांढुरके. लेन्सेस खराब आहेत का, आणि अशा आणखी जमवण्यात अर्थ आहे का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: आहे, भरपूर आहे. पहिल्या भागाचं उत्तर: बहुधा नाहीत. जुन्या लेन्सबद्दलच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या फार थोड्या खरोखर काचेपर्यंत जाऊन पोचतात. त्याआधी तीन ठिकाणी गडबड होऊ शकते: स्टॅबिलायझेशन, फोकस करण्याची पद्धत आणि अडॅप्टर. लेन्सला दोष देण्याआधी ही तीन ठिकाणं तपासा, आणि याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या दोन दुरुस्त्यांना काहीच खर्च येत नाही.

१३५ चे हललेले फोटो. तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन असेल, तर त्याला लेन्सची फोकल लेंग्थ (५० मिमी, १३५ मिमी हा आकडा) माहीत असावी लागते. आजची लेन्स ती विद्युत संपर्कातून स्वतः सांगते. जुन्या लेन्सला असे संपर्कच नाहीत, म्हणून ती मेनूत जाऊन हाताने भरावी लागते. ५० लावून काम झालं, मग १३५ चढवली आणि आकडा ५० वरच राहिला, तर सेन्सर हवा त्यापेक्षा कमी हलतो आणि हादरा पुरता भरून निघत नाही. उलट प्रकार जास्त वाईट. आकडा १३५ आणि लेन्स ५० असेल तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्टॅबिलायझेशन स्वतःच फोटो हलवतं. म्हणून लेन्स बदलली की आकडा बदलायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे. निकॉनच्या झेड मालिकेत अशा लेन्सेसची यादी आधीच भरून ठेवता येते. इतर कंपन्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय एखाद्या बटणावर नेमून ठेवता येते. भरायची ती लेन्सवर कोरलेली खरी फोकल लेंग्थ. क्रॉप सेन्सर (फुलफ्रेमपेक्षा लहान) असला तरी क्रॉप फॅक्टरने गुणाकार करायचा नाही.

याच्याच जोडीला शटर स्पीड. ऑटो आयएसओमध्ये (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोपवली असताना) कॅमेरा किमान शटर स्पीड लेन्सवरून ठरवतो, पण इथे त्याला लेन्स कोणती तेच ठाऊक नसतं. किमान स्पीड तुम्हीच नेमून द्या. १३५ साठी माणसांचे फोटो काढताना मी १/२५० च्या खाली जात नाही. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

आता फोकस. इथे जरा थांबू, कारण तुमच्या सॉफ्ट डोळ्यांचं कारण इथेच आहे अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

५० मिमी लेन्स एफ/१.४ वर, विषय एक मीटरवर, सेन्सर फुलफ्रेम: फिल्मच्या काळातल्या मापाने डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे धारदार दिसणाऱ्या भागाची खोली, साधारण ३ सेंटिमीटर भरते. १३५ मिमी एफ/२.८ वर, दोन मीटरवरून, जवळपास तेवढीच. ते मापही मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी होतं. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहणाऱ्या डोळ्याला त्यातला निम्मा भागही धारदार वाटत नाही. म्हणजे श्वास घेताना शरीर जेवढं पुढेमागे होतं तेवढ्यानेही फोकस पापणीवरून सरकतो.

पीकिंगने हे काम होत नाही. कॅमेऱ्याच्या लाइव्ह चित्रात जिथे कॉन्ट्रास्टची कड सापडते तिथे पीकिंग रंग भरतं. ते चित्र सेन्सरच्या पूर्ण बारकाव्याचं नसतं, त्यामुळे जेमतेम फोकसमध्ये असलेली कडही रंगते. उघड्या अ‍ॅपर्चरवरच्या जुन्या लेन्सची आणखी एक अडचण आहे (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं, लहानमोठं करता येणारं छिद्र). १.४ च्या बहुतेक जुन्या लेन्सेसमध्ये गोलीय विपथन बऱ्यापैकी शिल्लक असतं, म्हणजे भिंगाच्या कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच जागी मिळत नाहीत. परिणामी धारदार रेषेभोवती मंद उजेडाचं वलय येतं आणि एकूण कॉन्ट्रास्ट पडतो. अशा चित्रात पीकिंग कधी काहीच रंगवत नाही, तर कधी चेहऱ्याच्या खूप मोठ्या पट्ट्यावर रंग भरतं. फोकस कुठल्या भागात आहे ते शोधायला पीकिंग चांगलं. नेमका बिंदू पकडायला मॅग्निफिकेशनच, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राचा तुकडा मोठा करून पाहणंच हवं.

मी करतो ते असं. मॅग्निफिकेशन अंगठ्याखालच्या बटणावर नेमलेलं असतं. पीकिंगची संवेदनशीलता सगळ्यात कमी. फोटो रॉमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), पण पिक्चर प्रोफाइल ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये करडं चित्र आणि त्यावर लाल कडा स्पष्ट दिसतात. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. मग चौकट ठरवायची, मॅग्निफिकेशनचा चौकोन नेमका डोळ्यावर न्यायचा, मोठं करून फोकस करायचा आणि तिथल्या तिथे शटर दाबायचं. मध्ये फोकस करून मग कॅमेरा वळवायची जुनी पद्धत एफ/१.४ वर चालत नाही. वळवताना फोकसचं प्रतल विषयावरून सरकतं, शिवाय जुन्या लेन्सेसमध्ये ते प्रतल सपाट नसून कडेला वाकलेलं असतं. विषय हलता असेल तर रिंग जवळपास जागेवर आणून ठेवायची आणि शरीर अगदी किंचित पुढे झुकवत तीन-चार फोटो घ्यायचे.

दुसरी गोष्ट: ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा, फोकस त्याच अ‍ॅपर्चरवर करा. फिल्मच्या एसएलआरमध्ये (आरशातून चित्र दाखवणारे कॅमेरे) उघड्या लेन्सवर फोकस करत आणि शटर दाबताना अ‍ॅपर्चर आपोआप मिटत असे. ती सवय अनेकांनी मिररलेसवरही चालू ठेवली आहे: एफ/१.४ वर फोकस करायचा, मग रिंग एफ/२.८ वर फिरवायची. पण गोलीय विपथन असलेल्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर मिटवलं की कडेचे किरण बंद होतात आणि फोकस सरकतो, बहुतेक वेळा विषयाच्या मागे. डोळ्यावर साधलेला फोकस कानाच्या दिशेने सरकतो आणि लेन्स सॉफ्ट आहे असा समज होतो. एफ/२ ते एफ/४ च्या दरम्यान हा फरक सगळ्यात जास्त बोचतो. एफ/८ वर डेप्थ ऑफ फील्ड तो झाकून टाकते. मिररलेसचा मोठा फायदा असा की अ‍ॅपर्चर मिटवलं तरी व्ह्यूफाइंडर काळा पडत नाही, इलेक्ट्रॉनिक चित्र उजळून मिळतं. तो फायदा वापरा.

इतकं करून एकदा कसोटी घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, समोर बारीक छपाईचा सपाट कागद. प्रत्येक अ‍ॅपर्चरवर नव्याने मॅग्निफिकेशन लावून फोकस करायचा. एफ/१.४ वर मध्यभागी अक्षरं स्पष्ट, पण भोवती थोडं वलय, एफ/२.८ ला स्वच्छ, एफ/५.६ ला कोपऱ्यांपर्यंत धारदार. चांगल्या अवस्थेतली जुनी पन्नास अशीच वागते. तुमची तशी वागली तर तिच्यात काही दोष नाही.

अडॅप्टरकडे वळू. हे सगळं शक्य होतं ते एका मापामुळे: माउंटच्या (लेन्स जिथे बसते त्या कड्याच्या) पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचं अंतर. एसएलआरमध्ये मधल्या आरशाला जागा लागत असल्यामुळे हे अंतर मोठं होतं. निकॉन एफ ४६.५ मिमी, ऑलिंपस ओएम ४६, एम४२ (४२ मिमी आट्यांच्या लेन्सेस) आणि पेंटॅक्स के ४५.४६, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२. आरसा गेला आणि अंतर उतरलं: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. मधला फरक भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काच लागत नाही. निकॉन एफची लेन्स सोनीवर लावायची तर नळी २८.५ मिमीची. कॅननच्या ईएफ माउंटच्या डीएसएलआरवर मात्र त्याच कंपनीच्या एफडी लेन्सेस नीट बसत नसत, कारण ईएफचं अंतर ४४ मिमी, म्हणजे एफडीपेक्षा जास्त. इन्फिनिटी (अगदी दूरच्या गोष्टींवरचा फोकस) मिळवायला अडॅप्टरमध्ये भिंग घालावं लागे आणि त्यात चित्राचा दर्जा जाई. म्हणूनच १९८७ नंतर बाजूला पडलेल्या एफडी लेन्सेसना मिररलेसने खऱ्या अर्थाने पुन्हा कामाला लावलं.

नळी साधी असली तरी तिची जाडी नेमकी असावी लागते. ती ०.१ मिमीने आखूड असेल, तर ५० मिमी लेन्समध्ये इन्फिनिटी मोजपट्टीवरच्या सुमारे २५ मीटरच्या खुणेवरच येते, २४ मिमी लेन्समध्ये सुमारे ६ मीटरच्या खुणेवर. तेवढीच लांब असेल तर या अंतरांच्या पलीकडचं काही कधीच फोकसमध्ये येत नाही. इन्फिनिटी चुकू नये म्हणून बरेच उत्पादक नळी मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. पन्नास किंवा एकशेपस्तीससाठी त्याने काही बिघडत नाही, फक्त लेन्सवरच्या अंतराच्या खुणांवर विसंबायचं नाही. वाइड लेन्समध्ये बिघडतं, विशेषतः जवळच्या फोकसला काही भिंगं वेगळी सरकवणारी रचना असेल तर. अशी रचना लेन्सवरच्या अंतराशी बांधलेली असते, आणि अंतर चुकलं की कोपऱ्यांची दुरुस्तीही चुकते.

जाडीपेक्षा जास्त त्रास देतो तो तिरकेपणा. फोटोची एकच बाजू सतत सॉफ्ट येत असेल तर त्याच अडॅप्टरवर दुसरी लेन्स लावून दूरच्या दृश्याचा फोटो घ्या. दोन्ही लेन्सेसमध्ये तीच बाजू सॉफ्ट असेल तर अडॅप्टर वाकडा आहे. बाजू बदलली किंवा दोष नाहीसा झाला तर पहिल्या लेन्समधलं एखादं भिंग जागेवरून सरकलं आहे. फोकस रिंग फिरवताना लेन्सच हलत असेल, तर तो अडॅप्टर बदला. एकाच नळीवर सगळ्या माउंटचे तुकडे जोडत नेण्यापेक्षा प्रत्येक माउंटसाठी एक चांगला, धातूचा, घट्ट बसणारा अडॅप्टर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

अडॅप्टर निवडताना अ‍ॅपर्चरचंही पाहा. एम४२ च्या बऱ्याच लेन्सेसच्या मागे एक पिन असते. ती दाबली गेली तरच अ‍ॅपर्चर मिटतं. लेन्सवर ऑटो आणि मॅन्युअलचा खटका असेल तर प्रश्न नाही, नसेल तर पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर लागतो. कॅनन एफडीच्या अडॅप्टरवर लेन्सची कळ सरकवणारी वेगळी रिंग असते. ती चुकीच्या बाजूला राहिली तर अ‍ॅपर्चर रिंग फिरते पण पाती जागची हलत नाहीत. आणि एम३९ च्या आट्यांपासून सावध राहा. लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) लेन्सेस, सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या लेन्सेस आणि बऱ्याच एन्लार्जर (फिल्मवरून प्रिंट काढण्याच्या यंत्राच्या) लेन्सेस, तिन्हींना ३९ मिमीचे आटे असतात. पण पहिलीचं अंतर २८.८ मिमी, दुसरीचं सुमारे ४५.२, आणि तिसरीला फोकसची यंत्रणाच नसते. आटे जुळले म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही.

आता उजेडाकडे काढलेले पांढुरके फोटो. पहिला उपाय हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे लागणारं, बाजूचा उजेड अडवणारं नळकांडं. साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक लेन्सेसवर एकपदरी कोटिंग असतं आणि चौकटीबाहेरचा उजेडही आत जाऊन कॉन्ट्रास्ट खातो. १३५ ला खोल हूड लावा. अनेक जुन्या टेलींमध्ये तो आतच सरकवून ठेवलेला असतो, फक्त बाहेर ओढायचा. दुसरा संशयित पुन्हा अडॅप्टर: तो उजेडाकडे धरून मागून आत पाहा. भिंती चमकत असतील तर आत काळं मखमली अस्तर किंवा अगदी मॅट काळा रंग लावा. फरक पहिल्याच फोटोत दिसतो. तिसरं कारण सेन्सर. फिल्मच्या मानाने सेन्सर बराच चकचकीत असतो, आणि काही जुन्या लेन्सेसच्या मागच्या सपाट भिंगावरून त्याचा उजेड परत सेन्सरवर येतो. एफ/११ किंवा एफ/१६ ला चित्राच्या मधोमध फिकट गोल डाग दिसला तर तो हाच. अ‍ॅपर्चर थोडं उघडलं की तो विरतो.

यानंतर लेन्सच्या आत पाहायचं. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, पुढून तिरपा टॉर्च टाका आणि मागून पाहा. टॉर्चसमोर धुळीचे कण भयंकर दिसतात, फोटोत ते कुठेच दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. कडेला थोडी असेल तर लेन्स वापरता येते, पण पसरलेली बुरशी कोटिंग कायमचं खाते. काचेवर सगळीकडे धुकं पसरल्यासारखं दिसत असेल तर तुमच्या पांढुरक्या फोटोंचं कारण तेच. असं धुकं बुरशीपेक्षा कॉन्ट्रास्ट जास्त मारतं, पण बऱ्याचदा ते सफाईने जातं. सफाई जाणकाराकडूनच करून घ्या. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालेल, मागच्या काचेवरचा चालणार नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल असेल तर मिररलेसवर तितकं अडत नाही, कारण पाती आपण हाताने, सावकाश फिरवतो. लेन्सेस ठेवायच्या त्या ४० ते ५० टक्के आर्द्रतेत. चामड्याच्या मूळ डब्यात कधीच नको, तिथे बुरशीला ओल आणि अंधार दोन्ही मिळतात.

तुमची पन्नास पिवळट दिसत असेल तर त्याचंही कारण आहे. त्या काळी अपवर्तनांक (काचेची प्रकाश वाकवण्याची क्षमता) वाढवण्यासाठी काही काचांत थोरियम ऑक्साइड घालत. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ची सात भिंगांची आवृत्ती याचं प्रसिद्ध उदाहरण. किरणोत्सर्गाने ती काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. लेन्स वापरण्यात धोका नाही, पण ती काच घासू किंवा फोडू नये. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. यूव्ही एलईडी दिवा सगळ्यात सोयीचा. खिडकीत ठेवणार असाल तर नीट लक्षात घ्या: उन्हात लक्ष न देता ठेवलेली लेन्स आग लावू शकते. मागचं झाकण काढून ती कधीही तशीच सोडून जाऊ नका.

सेटिंग्जचं थोडक्यात सांगतो. लेन्सशिवाय शटर उडू देण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर काही कॅमेरे फोटोच घेत नाहीत. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी नीट चालते, कारण मोजमाप प्रत्यक्ष आत येणाऱ्या उजेडाचं होतं. फाइलमध्ये अ‍ॅपर्चर नोंदलं जात नाही, तेव्हा तुलना करायची असेल तर लिहून ठेवा.

आणखी लेन्सेस घ्यायच्या तर कोणत्या? पन्नाशीच्या आसपासच्या लेन्सेस, ८५ ते २०० मधल्या टेली आणि मॅक्रो. १३५ मिमी एफ/३.५ आणि २०० मिमी एफ/४ यांना फारसं कोणी विचारत नाही, आणि तरी त्या आजच्या सेन्सरवरही फार सुंदर चालतात. वाइडबद्दल मी सावध आहे. २८ मिमीपर्यंत ठीक. त्याहून वाइड जुन्या लेन्सेसचे कोपरे आजच्या लेन्सेसपुढे टिकत नाहीत. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सेसची अडचण वेगळी. त्यांचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ जातं आणि किरण कडेला फार तिरपे पडतात. सेन्सरवरची काच, जी सोनीच्या फुलफ्रेममध्ये साधारण २ मिमी जाड असते, त्या तिरप्या किरणांना विस्कटते. फिल्मवर धारदार असलेले कोपरे इथे फासल्यासारखे येतात. एफ/११ वर नेऊनही ते पूर्ण सुधारत नाहीत.

स्वभावासाठी घ्यायची असेल तर हेलिओस ४४-२. झाइसच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ वरून बेतलेली, एम४२ ची, पिनशिवायची, म्हणून अडॅप्टरचा घोळ नाही. तिची फिरती पार्श्वभूमी मिळवायची तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, विषय एक-दीड मीटरवर आणि मागे काही अंतरावर पानांतून झिरपणारा उजेड हवा. सेन्सर फुलफ्रेम असावा, कारण तो भोवरा चौकटीच्या कडेला असतो आणि क्रॉप सेन्सर नेमका तोच कापून टाकतो. क्रॉप सेन्सरवर ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (फोकल लेंग्थच कमी करणारी भिंगं असलेला अडॅप्टर) लावला तर दृश्याचा विस्तार बराचसा परत येतो आणि एक स्टॉप उजेडही वाढतो. तेव्हा स्टॅबिलायझेशनमध्ये ५८ ऐवजी ४१ भरायचे.

पण तुमच्याकडे पन्नास आणि एकशेपस्तीस आधीच आहेत. मी तुमच्या जागी असतो तर तिसरी लेन्स ५५ मिमीची जुनी मॅक्रो घेतली असती. एफ/२.८ किंवा एफ/३.५ ची, निकॉनने या मापाच्या दोन्ही केल्या आहेत. तिची फोकस रिंग लांब फिरते, प्रतल सपाट असतं आणि ती उघड्या अ‍ॅपर्चरपासूनच धारदार असते. मॅग्निफिकेशन लावून फोकस शिकायला तिच्याइतकी चांगली लेन्स नाही, आणि तुमचा अडॅप्टर सरळ आहे की नाही तेही ती पहिल्याच संध्याकाळी दाखवून देईल.